मठाच्या वसतिगृहातला अत्याचार : दहा वर्षांनी तक्रार करता येते का?

ताई, तुमचा भाऊ आज चोवीस वर्षांचा आहे. २०१५ मध्ये मठाच्या वसतिगृहात शिकत असताना तिथल्या स्वामींनी त्याच्यावर लैंगिक अत्याचार केला आणि तेव्हा घरात कुणी ऐकून घेतलं नाही. आता तो बोलला, तर गावचे पंच ‘मठातच बसून मिटवू’ म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेविका म्हणून मी बेळगावात अशा घरच्यांसोबत ठाण्यात आणि कोर्टात जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे मनातून काढा की उशीर झाला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. धार्मिक संस्था चालवणाऱ्याने किंवा तिथल्या नोकराने संस्थेतल्याच मुलावर हात टाकला तर गुन्हा जास्त गंभीर धरतात. शिक्षा मात्र घटनेच्या वेळच्या कायद्याने होते. बलात्काराच्या स्वरूपाचा अत्याचार असेल तर २०१५ साली किमान १० वर्षं होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती २० झाली. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते. आश्रम चालवणाऱ्या आसारामच्या दुसऱ्या खटल्यात २००१ ते २००६ मधल्या घटनांची तक्रार त्या महिलेने २०१३ मध्ये दिली आणि गांधीनगरच्या कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये जन्मठेप सुनावली. इतकी वर्षं गप्प का, हे समोरचा वकील विचारणारच. त्याचं खरं उत्तर तक्रारीतच लिहा: कुणाला सांगितलं, त्यांनी काय म्हटलं, कशाची भीती वाटली.

पंचांचं सांगते. अशा गुन्ह्यात तडजोड चालत नाही. दोन्हीकडचे राजी झाले म्हणून पोक्सोचा खटला रद्द करता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. मुलावरचा अत्याचार कळूनही पोलिसांना न सांगणं हाच गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं झाकलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बैठकीला भावाला नेऊ नका. पंचांनी पुढे केलेल्या कोऱ्या किंवा कन्नडमध्ये लिहिलेल्या कुठल्याच कागदावर सही नको.

सगळ्यात जास्त जीव मी पहिल्या कागदावर, म्हणजे तक्रारीवर टाकते. ठाण्यात रायटर कन्नडमध्ये टाइप करत जातो, आपला माणूस मराठीत सांगत जातो, मधे कुणीतरी हवालदार दुभाषा होतो. असल्या एका जबाबात ‘रात्री जेवणानंतर’चं ‘सायंकाळी’ झालं होतं आणि उलटतपासणीत तेवढ्यावरच अर्धा दिवस गेला. म्हणून भावाने घरी शांतपणे, स्वतःच्या मराठीत, स्वतःच्या हाताने लिहावं. तारीख आठवत नसेल तर परीक्षा, यात्रा, पावसाळा अशा खुणा द्याव्यात. ओढूनताणून तारीख घालू नये. तो कागद देऊन पोच घ्या आणि एफआयआरला जोडायला सांगा. टाइप झालेलं ओळ न् ओळ मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. पुढे मॅजिस्ट्रेटसमोर जबाब होईल, तिथेही दुभाषा मागा.

इथल्या ठाण्यात मठाच्या वजनाची भीती वाटत असेल तर चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापुरात झिरो एफआयआर, म्हणजे हद्दीबाहेरच्या ठाण्यात नोंदवलेली तक्रार, करता येतो. तो नंतर हद्दीतल्या ठाण्याकडे वर्ग होतो. आसारामचा जोधपूरचा खटला दिल्लीत नोंदवलेल्या अशाच तक्रारीतून उभा राहिला. पण कोर्ट बेळगावचंच असणार, कागदपत्रं कन्नडमध्येच येणार, हे धरून चला. इथेच तक्रार दिली आणि घेतली नाही, तर रजिस्टर पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, तरी हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

खटला सरकारी वकील चालवतात, पण त्यांच्या मदतीला आपला वकील देता येतो. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. भावाला उत्पन्नाची अट लागू शकते, विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करून विचारा. नुकसानभरपाई विशेष कोर्ट देऊ शकतं, त्यासाठी निकालापर्यंत थांबावं लागतंच असं नाही.

चर्च किंवा मदरशातल्या कुणाचं असं असेल तर कायदा हाच. बिशपकडे तक्रार जरूर करा, पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशाने कॅथलिक चर्चला तिची दखल घ्यावी लागते. पण ती आतली चौकशी आहे, पोलिसांची जागा ती घेत नाही.

आणि ताई, जबाब भावालाच द्यायचाय. ठाण्यात कधी जायचं ते त्याला ठरवू द्या, मागे लागू नका. तोवर शाळा सोडल्याचा दाखला, वसतिगृहाच्या पावत्या, तेव्हाचे फोटो आणि त्याच्या खोलीतल्या मुलांची नावं तेवढी जमवून ठेवा. वयाचा पुरावा शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्यावरून किंवा दहावीच्या प्रमाणपत्रावरून होतो, ते नसेल तर जन्मदाखल्यावरून, म्हणून तेही शोधून ठेवा. आणि मठातलं रजिस्टर उद्या जागेवर असेलच असं नाही.