दोन वेलिंग्टन, एक आसई

प्रश्न : माझा भाचा नीलगिरीतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात आहे. न्यूझीलंडची राजधानीही वेलिंग्टनच. दोघांचं काही नातं आहे का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : काका, आहे, आणि ते आपल्या ग्वाल्हेरवरून जातं! मूळ वेलिंग्टन हे इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातलं जुनं गाव. १८०९मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली स्पेनमध्ये लढत असताना त्याला सरदारकी मिळाली. ‘वेलिंग्टन’ हा किताब निवडला विलायतेत बसलेल्या थोरल्या भावानं. वेलस्ली घराण्याचं मूळ ठिकाण या गावाजवळचं, म्हणून ते नाव. न्यूझीलंडच्या शहराला १८४०च्या सुमारास आणि नीलगिरीतल्या छावणीला पुढे त्याचंच नाव मिळालं. दक्षिण आफ्रिकेतही एक वेलिंग्टन आहे. आणि पावसातले ते गुडघ्यापर्यंतचे बूट, तेही त्याचेच.

हाच वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ रोजी आसईला ग्वाल्हेरकर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. आसई आज जालना जिल्ह्यात येते. जिंकला खरा, पण शिंद्यांच्या तोफांनी त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली. पुढे नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई जिंकूनही तो आपली सर्वोत्तम लढाई म्हणून आसईचंच नाव घेई. आम्ही ग्वाल्हेरचे जनकगंजवाले हे जरा जास्तच वेळा सांगतो, चालायचंच.

भाच्याकडे जाल तेव्हा मेट्टुपाळयमहून डोंगरातली छोटी गाडी धरा. कुन्नूरच्या पुढचंच स्टेशन वेलिंग्टन.