सैनिकाच्या मुलीची फी माफ होते का?

बारावीचे निकाल लागले की माजी सैनिकांच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. "आर्मीवाल्यांच्या मुलांना कॉलेज फुकट असतं ना? मग फी भरा म्हणून का सांगतात?" विचारणाऱ्याच्या आवाजात चीड असते आणि ती समजण्यासारखी आहे. ऐन उमेदीची वर्षं सीमेवर काढलेल्या माणसाला कॉलेजच्या खिडकीवर "तसं काही नसतं" एवढंच ऐकावं लागतं. नक्की काय असतं, हे सांगायला तिथं कुणाला वेळ नसतो.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका कुटुंबाचं उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून घरी आलेले. मुलीला फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळालेला. थोरला मुलगा साखळीच्या सरकारी कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. अमेरिकेत टेक्सासला राहणाऱ्या एका नातेवाइकानं फोनवर सांगितलं होतं की सैनिकांच्या मुलांना कॉलेजची फी नसते. त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं. टेक्सासच्या हेझलवूड कायद्याखाली पात्र माजी सैनिकाला तिथल्या सरकारी कॉलेजांत 150 क्रेडिट तासांपर्यंत (अभ्यासक्रम मोजायचं तिथलं एकक) ट्यूशन फी माफ असते आणि न वापरलेले तास तो मुलाच्या नावावर करू शकतो. आपल्याकडची व्यवस्था निराळी आहे.

वडील फीबद्दल बोलत होते, मुलगी गप्प होती. तिला वेगळं बोलतं केल्यावर कळलं, तिनं इंजिनिअरिंग सोडून घराजवळ बी.एस्सी. करायचं मनात पक्कं केलं होतं. "बाबांना कुणाकडे हात पसरायला लागू नये," एवढंच ती म्हणाली. या वयातली मुलं असे निर्णय घरात न सांगता घेऊन टाकतात, आणि आईवडिलांना वाटतं की मुलीचंच मन बदललं. म्हणून पहिल्या बैठकीत काय शिकायचं आणि पैसे कुठून आणायचे हे दोन प्रश्न वेगळे केले. दुसऱ्याचा हिशेब कागदावर येईपर्यंत पहिल्याला हात लावायचा नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

पूर्ण ट्यूशन फी मिळण्याची सोय भारतात आहे, पण ती सगळ्या माजी सैनिकांसाठी नाही. युद्धात किंवा लष्करी मोहिमेत हुतात्मा झालेले, बेपत्ता झालेले किंवा कायमचं अपंगत्व आलेले जे सैनिक आहेत, त्यांच्या मुलांसाठी संरक्षण मंत्रालयाची शैक्षणिक सवलत आहे. पहिल्या पदवीपर्यंत, सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत. 2017 मध्ये तिच्यावर महिना 10,000 रुपयांची मर्यादा आली होती, ती मार्च 2018 मध्ये उठवली गेली. 'फुकट कॉलेज' ही ऐकीव गोष्ट बहुधा या सवलतीवरून पसरलेली असते.

बाकीच्यांसाठी मुख्य आधार म्हणजे केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना. हिच्यात फी माफ होत नाही. कॉलेजची फी आधी आपणच भरायची, रक्कम नंतर मुलाच्या किंवा मुलीच्या खात्यात येते. मुलीला महिना 3,000 म्हणजे वर्षाला 36,000 रुपये, मुलाला महिना 2,500 म्हणजे वर्षाला 30,000. चार वर्षांच्या बी.टेक.चे मुलीचे 1,44,000 होतात. देशभरात वर्षाला 5,500 नव्या शिष्यवृत्त्या असतात, निम्म्या मुलींना, निम्म्या मुलांना. बारावीला किमान 60 टक्के हवेत, प्रवेश परीक्षेचे गुण इथं धरत नाहीत. अभ्यासक्रम व्यावसायिक पदवीचा हवा. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, बी.एड., बी.सी.ए., बी.बी.ए. चालतात, साधं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. चालत नाही. म्हणजे पैसे वाचवायला ही मुलगी जिकडे वळत होती, तिकडे गेल्यावर तिची शिष्यवृत्तीची वाटच बंद झाली असती. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसली.

सर्वांत जास्त मुलं इथं चुकतात: अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा असतो. "यंदा चवथ (गणेशचतुर्थी), मग परीक्षा, पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्याला दुसऱ्या वर्षी दार बंद. थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेणाऱ्यांसारखे मोजके अपवाद आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नये.

दुसरी गोष्ट प्राधान्याची. निवड सहा गटांतून क्रमानं होते. वर हुतात्म्यांची मुलं आणि वीरपत्नी, मग लढाईत अपंगत्व येऊन सेवेतून बाहेर पडलेले, मग सेवेमुळे मृत्यू आलेले, चौथ्या गटात सेवेत अपंगत्व येऊन बोर्ड आउट (मेडिकल बोर्डाच्या निर्णयानं सेवेतून बाहेर) झालेले, पाचव्यात शौर्यपदकधारक आणि सहाव्यात बाकीचे सगळे जवान, हवालदार, जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर). अधिकाऱ्यांच्या मुलांना सहावा गट नसतो. म्हणून "काका, पेन्शनवर कसे आलात?" हा प्रश्न फार महत्त्वाचा. या वडिलांनी अर्जात सहावा गट धरला होता. पीपीओ (पेन्शनचा आदेश) वाचताना सर्व्हिस एलिमेंटच्या, म्हणजे सेवेबद्दलच्या पेन्शनच्या, खाली डिसेबिलिटी एलिमेंटची, म्हणजे अपंगत्वाबद्दलच्या पेन्शनची, ओळ दिसली. बर्फातल्या चौकीवर गुडघा निकामी होऊन ते बोर्ड आउट झाले होते. मेडिकल बोर्डाच्या कागदावर अपंगत्व सेवेमुळे आलं, सेवेनं वाढलं की सेवेशी संबंध नाही, यांपैकी एक निष्कर्ष लिहिलेला असतो. त्यांच्या कागदावर पहिला होता. मुलगी चौथ्या गटात गेली. "त्यात काय सांगायचं, मॅडम? गुडघाच तर गेला," असं ते म्हणत होते. असं दुखणं न सांगण्याची सवय फौजेत लागलेली असते. अर्ज भरताना ती बाजूला ठेवावी लागते.

कागदांचं सांगायचं तर डिस्चार्ज बुक, पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र, दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका आणि आधार हवं. ठरावीक नमुन्यात माजी सैनिक असल्याचं प्रमाणपत्र आणि कॉलेजचं बोनाफाईड लागतं. अर्ज बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि मूळ कागद पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून पडताळून घ्यायचे. तारखा दरवर्षी जाहीर होतात. प्रवेश झाल्यापासूनच पाहत राहा आणि शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, कारण प्राचार्यांची सही त्याच आठवड्यात मिळत नाही.

अर्ज अडतो तो बहुतेक नावावर. आपल्याकडे गावकर हे आडनाव रोमन लिपीत कुणी 'ओ' घालून लिहितं, कुणी 'यू' घालून. इथं डिस्चार्ज बुकात एक, दहावीच्या प्रमाणपत्रात दुसरं आणि आधारवर मधलं नाव गाळलेलं. आधार दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे करून घ्या, ते काम लवकर होतं. सेवेच्या नोंदीत मुलाचं नाव किंवा जन्मतारीख चुकली असेल, किंवा त्याच्या जन्माची पार्ट टू ऑर्डरच (सेवेच्या नोंदीत अशी माहिती चढवणारा लष्करी आदेश) निघाली नसेल, तर सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं. मराठा रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, नौसैनिकांचं मुंबईत. याला वेळ लागतो, म्हणून मूल अकरावीत असतानाच डिस्चार्ज बुकाचं कुटुंबाच्या तपशिलाचं पान उघडून बघावं.

बँक खातं मुलीच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं, वडिलांचं चालत नाही. लहानपणी उघडलेलं खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर पुन्हा केवायसी करून घ्या, नाहीतर आलेली रक्कम परत जाते.

थोरल्याच्या बी.कॉम.ला पंतप्रधान शिष्यवृत्ती नाही, पण रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून शिक्षण अनुदान आहे. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत. पूर्वी महिना 1,000 रुपये होते, 1 नोव्हेंबर 2025 पासून येणाऱ्या अर्जांना 2,000 झाले. उत्तीर्ण झालेल्या वर्षाची गुणपत्रिका जोडावी लागते. या घरात दोन वर्षांत कुणी अर्जच केला नव्हता, कारण 'शिष्यवृत्ती हुशार मुलांना असते' हा समज. एकाच मुलासाठी आणखी कुठून मदत मिळत असेल तर ती लपवू नका, कोणती एक ठेवायची ते कार्यालयात विचारून ठरवा.

राहिली पहिल्या वर्षाची फी. शिष्यवृत्ती येईलच असं धरून चालता येत नाही, चौथ्या गटातही नाही. त्यासाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाचा अर्ज केला. गोव्यातल्या वास्तव्याचा दाखला तिथं आडवा येऊ शकतो. वडिलांच्या बदल्यांमुळे मुलं छावण्यांतल्या शाळांत शिकलेली असतील, तर मामलेदाराकडे जाताना त्या शाळांचे दाखले आणि वडिलांच्या पोस्टिंगची कागदपत्रं सोबत न्या.

हिशेब कागदावर आल्यावर मुलीनं बी.एस्सी.चा विषय स्वतःच सोडला आणि ती फर्मागुडीला रुजू झाली. शिष्यवृत्ती मिळाली तरी दरवर्षी नूतनीकरण असतं. वर्ष उत्तीर्ण आणि किमान 50 टक्के, हे दोन्ही लागतं. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर ग्रेड असतात, अर्जात टक्के विचारतात. तेव्हा निकाल हाती आला की टक्केवारीचं पत्र कॉलेजच्या कार्यालयातून लगेच मागून घ्यायचं, हे तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिलं आहे.