मॅकिंटॉश प्लसला डिस्क आणि स्कॅनर

प्रश्न : मामांनी अमेरिकेहून आणलेला मॅकिंटॉश प्लस हा अ‍ॅपलचा जुना संगणक आता माझ्याकडे आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर, फ्लॉपीने सुरू होतो. मागच्या स्कझी (डिस्क, स्कॅनर वगैरे जोडायच्या) पोर्टला मेमरी कार्डवर चालणारी डिस्क आणि मामांचाच जुना स्कॅनर, दोन्ही एकदम लावता येतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : येतील. १९८६ साली आलेल्या प्लसमध्ये जादा कार्डासाठी स्लॉटच नाही, त्यामुळे लोकांनी या एका पोर्टातून नेटवर्क आणि मोठे मॉनिटरसुद्धा चालवले. उपकरणं एकापुढे एक साखळीत जोडायची. साखळीत ० ते ७ असे आठ नंबर. ७ खुद्द मॅकचा, बाकीचे तुमचे. डिस्कला ० द्या, स्कॅनरला ४. दोघांचा नंबर एकच पडला तर मशीन अडतं आणि माणूस उगाच केबलला दोष देत बसतो. कार्डवाल्या डिस्कला नंबराचं बटण शोधू नका. ब्लूस्कझी या कार्डवाल्या डिस्कमध्ये कार्डावरच्या फाइलच्या नावात ‘एचडी’नंतर येणारा पहिला आकडा हाच तिचा नंबर.

खरी मेख विजेची आहे. तारेच्या टोकाला टर्मिनेटर (सिग्नल तिथेच जिरवणारा जोड) नसेल तर सिग्नल टोकावरून उलटा फिरतो. त्या टर्मिनेटरला लागणारे ५ व्होल्ट नंतरचे बहुतेक मॅक पोर्टातूनच पुरवतात. प्लस पुरवत नाही! आणि ब्लूस्कझी त्याच ५ व्होल्टांवर चालते, म्हणून प्लसला नुसती जोडली तर दिवाही लागणार नाही. तिच्या यूएसबीला मोबाइलचा चार्जर लावा. तो थेट भिंतीच्या सॉकेटात चालेल, ट्रान्सफॉर्मर नको. स्कॅनरचं मात्र लेबल वाचा. १२० व्होल्ट असेल तर तोही ट्रान्सफॉर्मरवरच.

उपकरणं दोन झाली की साखळीतल्या पहिल्यावर आणि शेवटच्यावर, दोन्हींवर टर्मिनेटर हवा. सगळ्या केबली मिळून ६ मीटरच्या आत ठेवा. मी तुमच्या जागी असतो तर स्कॅनर काही दिवस कपाटातच ठेवला असता आणि आधी एकटी डिस्क नीट चालवली असती.

पोर्ट २५ पिनांचं आहे, जुन्या पीसीच्या प्रिंटर पोर्टासारखंच दिसतं. प्रिंटरची केबल त्यात आरामात बसते, पण घालू नका, आतली चिप जाऊ शकते. जोडणी करताना सगळं बंद ठेवा. चालू करताना आधी डिस्क आणि स्कॅनर, मग मॅक.