मामाच्या माळ्यावर सापडलेलं रिव्हॉल्व्हर कुठलं, आणि त्याची किंमत काय?

डिचोलीतल्या मामाच्या घरी माळा आवरताना जुनं रिव्हॉल्व्हर सापडलं; आठ पैलूंची नळी, सिलिंडरला सहा घरं, अंडाकृती शिक्क्यात ‘ईएलजी’ आणि खाली तारा. ते कुठलं आणि किती रुपयांना जाईल, असं तुम्ही विचारलंय. आधी एक विनंती: घोडा मागे ओढू नका, चाप दाबू नका. शंभर वर्षांपूर्वीचं काडतूससुद्धा उडू शकतं.

तो शिक्का बेल्जियममधल्या लिएज शहरातला, बंदुकीच्या नळ्या तपासणाऱ्या चाचणीगृहाचा. १८९३ साली त्यावर मुकुट आला. तुमच्या शिक्क्यावर मुकुट नसेल, तर वस्तू त्याआधीची. एवढ्यावरून हुरळून मात्र जाऊ नका. लिएजहून साधी बाजारी रिव्हॉल्व्हरंही जगभर गेली आणि त्यांच्यावरही हाच शिक्का असतो.

तरी गोव्यातल्या घरात असं काही निघालं की मला आधी अबादी नावाचं रिव्हॉल्व्हर आठवतं. पोर्तुगालने ते १८७८ साली अधिकाऱ्यांसाठी आणि १८८६ साली शिपायांसाठी घेतलं. तुमचं तेच असेल तर त्या शिक्क्याहून वेगळी, मुकुटाखाली ‘एल’ आणि १ अशी मुद्रा शोधा. ती राजा लुईश पहिला याची, तो १८६१ ते १८८९ गादीवर होता. अबादीची खरी ओळख मात्र सिलिंडरमागच्या छोट्या झाकणात आहे. ते उघडलं की चापाचा घोड्याशी संबंध तुटतो. मग चाप दाबावा तसं सिलिंडर एकेक घर पुढे सरकतं आणि घोडा जागचा हलत नाही. काडतुसं भरताना-काढताना बार उडू नये म्हणून केलेली ही सोय. एका परवानाधारक विक्रेत्याने रिकाम्या अबादीवर ती मला दाखवली होती. इतकी साधी आणि इतकी हुशार रचना मी क्वचितच पाहिली आहे. तुम्ही घरी करून बघू नका.

आता किंमत. शंभर वर्षं जुनं म्हणजे परवाना नको, हा समज अगदी चुकीचा आहे. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ४५ची सूट फक्त दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्राला आहे. तुमचं तसं आहे की नाही, हे तुम्ही-मी ठरवायचं नाही. आहे तिथेच ठेवा, दोन्ही बाजूंचे आणि प्रत्येक शिक्क्याचे फोटो काढा, पोलीस ठाण्यात फोन करून कळवा. पिशवीत घालून बसने नेऊ नका. जमा करताना नंबर लिहिलेली पावती घ्या; परवान्याचा अर्ज पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येतो. तोवर विकायचा विचार नको. परदेशी लिलावांतले आकडेही मनातून काढा, कारण शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२चा पुरावस्तू कायदा तसा आहे.

आणि कृपा करून घासू नका! आपल्या खाऱ्या दमट हवेत गंज चढतोच, पण पॉलिश पेपरने गंजाबरोबर मुद्राही जाते आणि जाणकाराच्या लेखी अर्धी किंमत तिथेच संपते. उलट त्याच माळ्यावर पोर्तुगीज काळातला परवाना, एखादी पावती, गणवेशातला फोटो मिळतो का ते बघा. मुद्रा, सगळ्या भागांवर जुळणारे नंबर आणि घराण्याचा कागद एकत्र असेल, तर ती संग्रहालयाने विचारात घ्यावी अशी वस्तू होते. मुकुटाखाली काही अक्षर दिसलं तर जरूर कळवा.