पुण्याचं हेड ऑफिस आणि पाच शाखा जोडायला एमपीएलएस (टेलिकॉम कंपनीचं खाजगी नेटवर्क) घ्यावं की एसडी-वॅन?

सेल्सवाला म्हणतोय ना तुम्हाला, एमपीएलएस काढा नि एसडी-वॅन घ्या? त्याला आधी विचारा खालची लाइन कुठली देणार. एसडी-वॅनचा डबा असलेल्या लाइनींतली बरी कुठली ते बघून ट्रॅफिक वळवतो, लाइनच मेली तर तो काय करणार.

आमच्या चाकणच्या प्लांटला दोन कंपन्यांच्या एमपीएलएस लिंक होत्या, एक मेन एक बॅकअप. मी पहिल्यापासून ओरडत होतो की बॅकअप फायबरवर नको, टॉवरवरून रेडिओ घ्या नाहीतर निदान ४जी राउटर तरी बसवा, पण फायनान्सच्या साहेबांचं एकच, "कंपन्या वेगळ्या आहेत ना, मग झालं." पुढे पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खोदला आणि जेसीबीने एका फटक्यात दोन्ही तोडल्या, कारण दोघांची फायबर गेटपर्यंत एकाच चरातून आलेली! ईआरपी (बिलं-स्टॉकचं सॉफ्टवेअर) पुण्यात, इन्व्हॉइस निघेना, मग माल रस्त्यावर काढायला लागणारं ई-वे बिल कुठून, भरलेले ट्रक आत उभे आणि ड्रायव्हर मला शिव्या घालतायत जसा काय जेसीबी मीच चालवत होतो. शेवटी माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा सुरक्षित बोगदा) लावून बिलं काढली. एसएलए (लाइन चालू राहण्याची लेखी हमी) ९९.५ टक्क्यांचा, म्हणजे महिन्याला साडेतीन तास बंद राहिली तरी कंपनी बिनधास्त. आणि मीटिंगमध्ये साहेब काय बोलले? "आयटीचं प्लॅनिंग कमी पडलं." अजून डोक्यात जातं.

तुमचं म्हणाल तर हेड ऑफिसला स्टॅटिक आयपीवाली (न बदलणारा इंटरनेट पत्ता) लीज लाइन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेली, शाखांना ब्रॉडबँड अधिक ४जी, वरून आयपीसेक (एन्क्रिप्टेड व्हीपीएन), ईआरपी-मेलला एवढं बास. आयपीसेकने पॅकेट फुगतं, म्हणून एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल साइज) कमी करायला विसरू नका, नाहीतर पिंग (लाइन तपासायचं छोटं पॅकेट) मस्त चालतो नि ईआरपीचं पान अर्ध्यात लटकतं. व्हीसॅट (उपग्रहाची डिश) जिथे काहीच पोचत नाही तिथेच, उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, जाऊन-येऊन अर्धा सेकंद सहज जातो. आणि एमपीएलएस "सिक्युअर" वगैरे ऐकवतील, ते ट्रॅफिक फक्त वेगळं ठेवतं, एन्क्रिप्ट करत नाही.

हां, शाखाशाखांत दिवसभर व्हॉइस कॉल चालत असतील तर एमपीएलएस अजून भारीच, इंटरनेटवर तुमच्या प्रायॉरिटीला कोण विचारतो. शाखा कुठे आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्यावरही बरंच ठरेल.

काहीही घ्या, ऑर्डरच्या आधी दोन्ही कंपन्यांकडून लास्ट माईलचा (तुमच्या गेटपर्यंतच्या शेवटच्या तुकड्याचा) रूट नकाशावर लेखी मागा, आणि तुमचे फायनान्सवाले म्हणाले "कशाला", तर तेही ईमेलवरच म्हणायला लावा.