स्क्रॅप, स्क्रॅप्स आणि स्क्रेप

प्रश्न : स्क्रॅप म्हणजे भंगार एवढंच मला माहीत होतं. पण परवा एका इंग्लिश बातमीत कुठलातरी प्रोजेक्ट स्क्रॅप केला असं वाचलं, दुसरीकडे दोन भावांचं स्क्रॅप झालं असं होतं, आणि ताटात उरलेल्यालाही स्क्रॅप्सच म्हणतात म्हणे. नक्की काय धरायचं? आणि लेफ्टओव्हर्स आणि स्क्रॅप्स एकच का?

उत्तर : शेवटचं आधी घेते, कारण गडबड तिथेच जास्त होते. एकच नाही हो. लेफ्टओव्हर्स म्हणजे जेवणं उरकल्यावर पातेल्यात शिल्लक राहिलेलं चांगलंचुंगलं अन्न, जे झाकून फ्रीजमध्ये टाकायचं आणि उद्या गरम करून खायचं. स्क्रॅप्स म्हणजे ताटातलं उष्टं, चिरताना निघालेली सालं, देठं, कडा, हाडं, थोडक्यात जे कुत्र्याला नाहीतर खताच्या डब्यात जातं. म्हणजे कोणी प्रेमाने उरलेलं बांधून दिलं तर थँक्स फॉर द स्क्रॅप्स म्हणू नका, समोरच्याला टोमणाच वाटेल.

मूळ शब्द स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतला, खरवडणे या अर्थाच्या क्रियापदाचा नातेवाईक. खरवडल्यावर जे बारीकसारीक निघतं ते स्क्रॅप, एवढं डोक्यात ठेवलं की कागदाचा कपटा, कापडाची चिंधी, अर्धवट कानावर पडलेलं बोलणं, सगळं त्यात बसतं. नॉट अ स्क्रॅप ऑफ एव्हिडन्स म्हणजे पुराव्याचा मागमूसही नाही. कागदाच्या कपट्यावरून तर एक किस्सा गाजलाय, ४ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीचे चॅन्सेलर बेथमान होलवेग ब्रिटिश राजदूताला म्हणाले की एका स्क्रॅप ऑफ पेपरसाठी तुम्ही आमच्याशी लढणार का, आणि तो कपटा म्हणजे बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणारा १८३९ चा करार! त्याच दिवशी ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं आणि पुढे तेच शब्द सैन्यभरतीच्या पोस्टरवर झळकले.

आता भंगार. या अर्थाने शब्द मोजता येत नाही, म्हणून अनेकवचनाचा एस लावायचा नाही, लोखंडाचा ढीग पडला असला तरी अ लॉट ऑफ स्क्रॅप. आणि स्क्रॅप म्हणजे निव्वळ कचरा असं समजू नका, त्याला भाव असतो. अ‍ॅल्युमिनियमचं स्क्रॅप वितळवून परत धातू करायला खनिजापासून नवा करण्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते, मग भाव का नसणार? अकाउंटवाले दरवर्षी सारखाच घसारा धरतात तेव्हासुद्धा मशीनच्या किमतीतून आधी स्क्रॅप व्हॅल्यू, म्हणजे शेवटी मोडीत काढल्यावर येईल ती रक्कम, वजा करतात आणि मग उरलेल्या रकमेला मशीन चालेल तितक्या वर्षांनी भागतात.

प्रोजेक्ट स्क्रॅप केला म्हणजे गुंडाळला, रद्द केला. इथे स्पेलिंग जपा, भूतकाळात पी डबल होतो. एकच पी ठेवलात की ते स्क्रेप्ड होतं, म्हणजे प्रोजेक्ट खरवडला! ऑफिसच्या मेलमध्ये हे इतक्यांदा दिसतं की हसावं का रडावं कळत नाही. परीक्षेत काठावर पास होणं मात्र स्क्रेप थ्रू, तिथे एकच पी बरोबर. वेबसाइटवरून डेटा ओढतात तेही स्क्रेपिंगच, स्क्रॅपिंग नव्हे.

भावाभावांचं स्क्रॅप म्हणजे छोटीशी मारामारी, बाचाबाची. हा बोलीतला अर्थ, भंगाराशी त्याचा काही संबंध लावत बसू नका. यातून आलेलं स्क्रॅपी हे विशेषण अमेरिकन माणसाने वापरलं तर कौतुक असतं, अंगाने लहान पण हार न मानणारा. ब्रिटिश माणूस मॅच स्क्रॅपी झाली म्हणाला तर विस्कळीत, रटाळ खेळ झाला असं समजा.

प्रश्न : मग ऑर्कुटवर आपण एकमेकांना स्क्रॅप का पाठवायचो?

उत्तर : कारण तिथल्या प्रोफाइलवरच्या पानाचं नाव स्क्रॅपबुक होतं, आणि त्यात चिकटवलेला प्रत्येक निरोप म्हणजे एक स्क्रॅप. स्क्रॅपबुकला मराठीत कात्रणवही हा मस्त शब्द आहेच. ऑर्कुट २००४ ला आलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, त्यामुळे आता कोणाला आय विल स्क्रॅप यू लिहिलंत तर तो बिचारा घाबरेल.