क्रियापद कुठाय?

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला, वाचला आणि फोन पालथा ठेवून झोपले. झोपले म्हणजे पडून राहिले. तू लिहिलंयस, "मॅडम, आरोग्यसेवा सरकारने बघावी म्हणणाऱ्यांचंही पटतं आणि सरकारने लांब राहावं म्हणणाऱ्यांचंही पटतं, मग मला कणाच नाही का?" घरी बाबांचा स्वतःचा दवाखाना, त्यामुळे जेवताना एक भाषण, ग्रुपमध्ये सगळे 'सगळं सरकारने ताब्यात घ्या' वाले, तिथे दुसरं भाषण, आणि परवाच्या चर्चेत तू मधलं काहीतरी बोलायला गेलीस आणि दोन्हीकडून झोडपली गेलीस.

कणा आहे गं तुला, नसता तर शांत झोपली असतीस. गडबड व्याकरणात आहे.

खरंच सांगतेय. तू पाठवलेलं टिपण मी पेन्सिल घेऊन वाचलं. दीड पानात 'सरकारी हस्तक्षेप' अकरा वेळा आलाय, मोजलं मी. आता मला सांग, हस्तक्षेप म्हणजे हात घालणं ना, मग कुठे? लोकांच्या खिशात, ऑपरेशन थिएटरात, की औषध कंपनीच्या मानेवर? सरकारने काय करावं ते सांग. क्रियापद सांग. मी शिकवायचे तेव्हा मुलं मागे 'क्रियापद मॅडम' म्हणायची हे मला माहितीये, म्हणू देत.

सरकार पैसे जमवू शकतं, म्हणजे कर नाहीतर सक्तीची वर्गणी घेऊन आजाऱ्याचं बिल भरू शकतं. सरकार स्वतः हॉस्पिटलं चालवू शकतं, डॉक्टर-नर्स पगारावर ठेवून. आणि सरकार नुसती वेसण घालू शकतं, की हे औषध विकायचं नाही, ही डिग्री नसेल तर पेशंटला हात लावायचा नाही. यातलं एक केलं की बाकीची दोन करावीच लागतात असं अजिबात नाही, पण भांडणारे नेमकं तेच धरून चालतात, एक जण बिल भरण्याबद्दल बोलतोय आणि दुसरा चालवण्याला शिव्या घालतोय, आणि दोघांनाही वाटतं समोरच्याला खोडून काढलं.

जर्मनीचा चॅन्सलर बिस्मार्क काही डावा नव्हता, उलट समाजवाद्यांच्या शिडातली हवा काढायची म्हणून त्याने जर्मनीत १८८३ साली आजारपणाच्या विम्याचा कायदा आणला. सरकारने हॉस्पिटलं उघडली नाहीत. कामगाराने दोन वाटे भरायचे, मालकाने एक, आणि ते पैसे 'आजारनिधी' म्हणजे विम्याच्या वेगळ्या संस्थांनी सांभाळायचे. सरकारचं क्रियापद काय, तर भाग पाडणं. एवढंच. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ ला एनएचएस ही राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा आरोग्यमंत्री बेव्हनने हॉस्पिटलंच ताब्यात घेतली, म्हणजे भरणंही आलं आणि चालवणंही, पण फॅमिली डॉक्टरांना तिथेही पगारी नोकर केलं नाही, ते करारावर राहिले. आणि कॅनडा, ज्याला तुझा ग्रुप 'पूर्ण सरकारी' म्हणतो, तिथले बहुतेक डॉक्टर स्वतंत्र व्यवसाय करतात आणि बिल प्रांताच्या सरकारला पाठवतात. १९६२ मध्ये सस्कॅचेवान प्रांतात ही योजना आली तेव्हा डॉक्टर २३ दिवस संपावर होते, आता आपण सरकारी कारकून होणार म्हणून. झाले नाहीत. हे बाबांना सांग, पण त्यांचा मूड बघून.

उलटीकडे अमेरिका. 'तिथे बघा, सगळं प्रायव्हेट' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता माझा आवाजच चढतो. १९६५ पासून म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड हे सरकारी विमे आहेत, माजी सैनिकांची हॉस्पिटलं तर सरकार स्वतः चालवतं, देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला जवळपास निम्मा सरकारी तिजोरीतून जातो, आणि १९८६ च्या कायद्याने मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलला इमर्जन्सीत आलेल्या माणसाचा जीव धोक्याबाहेर काढावाच लागतो, पैसे असोत नसोत. हे सरकार नसणं आहे का? सरकार भरपूर आहे, फक्त क्रियापदं एकमेकांत अशी अडकलीयेत की सुटता सुटत नाहीत.

आता तू विचारशील, मॅडम तुमचं स्वतःचं मत काय. (तू विचारणारच, त्या चर्चेनंतर तुला कुणाचं तरी मत उसनं हवंय हे मला दिसतंय. देणार नाहीये. पण माझं सांगते.)

पैसे जमवायचं काम सरकारनेच करावं, निदान सक्ती तरी त्यानेच करावी. कारण साधं आहे. विमा ऐच्छिक ठेवला की धडधाकट माणूस म्हणतो मला कशाला, तो बाहेर पडतो, उरतात आजारी, हप्ता वाढतो, मग जरा कमी आजारी असलेलाही बाहेर पडतो, असं करत करत शेवटी ज्यांना सगळ्यात जास्त गरज तेच उरतात आणि हप्ता त्यांनाच झेपत नाही. केनेथ ॲरो नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६३ मध्येच मांडलं होतं की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कधी गरज पडेल ते आधी कळत नाही आणि आपल्याला काय हवंय ते विकणाराच आपल्याला सांगतो. छातीत कळ आली असताना माणूस चार ठिकाणी भाव विचारत फिरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये विमा कंपन्या खाजगीच आहेत, पण १९९६ पासून मूळ विमा प्रत्येकाला सक्तीचा आणि त्या मूळ विम्यावर कंपनीला नफा काढता येत नाही. म्हणजे सक्ती करणं सरकारकडे, विमा देणं कंपन्यांकडे. तैवानने १९९५ मध्ये उलटं केलं, विमा एकच, सरकारी, आणि हॉस्पिटलं-दवाखाने बहुतेक खाजगी. हे दोन देश तुझ्या कुठल्या गटात बसतात सांग बघू.

बाबांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नकोस, फुकट मिळालं की लोक उगाच येतात हा. त्यावर अमेरिकेत रँड नावाच्या संशोधन संस्थेने मोठा प्रयोग केला होता, १९७४ ते १९८२, चिठ्ठ्या टाकल्यासारखे हजारो लोकांचे गट पाडले, काहींना उपचार पूर्ण फुकट, काहींना स्वतःचा वाटा भरावा लागेल असे. वाटा भरणारे कमी वेळा डॉक्टरकडे गेले, बाबा बरोबर. पण त्यांनी फालतू उपचार तेवढे टाळले असं झालं नाही, गरजेचेही तितकेच टाळले. बहुतेकांच्या तब्येतीत फरक दिसला नाही, पण गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांत दिसला, फुकट गटात त्यांचं ब्लडप्रेशर जास्त ताब्यात राहिलं. म्हणजे बाबा अर्धे बरोबर आहेत आणि ग्रुप अर्धा, फक्त आपला अर्धा कुठला ते दोघांनाही माहीत नाही.

हे सगळं मी तुझ्या वयाची असताना मला कुणी सांगितलं नाही असं म्हणणार होते, पण ते खोटं होईल. सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

माझी पहिली नोकरी एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात. रोज फायली. एका शुक्रवारी संध्याकाळी पाच चाळीसला एका माणसाच्या ऑपरेशनची मंजुरी माझ्या टेबलावर होती, कागद सगळे होते, एका रिपोर्टवर तारीख पुसट होती. माझा त्या दिवसाचा मंजुरीचा आकडा आधीच वर गेला होता आणि साहेब दुपारी त्यावर बोलून गेले होते. मी क्वेरी टाकली. 'तारीख स्पष्ट करावी.' क्वेरी टाकली की घड्याळ थांबतं आणि पुढचा कामाचा दिवस सोमवार. फोन आला त्याच्या बायकोचा, मागून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज येत होता, ती एवढंच म्हणाली, "मॅडम, तारीख मी वाचून दाखवू का?" मी म्हटलं, नियमाने लेखी लागतं. सोमवारी मंजूर केलं. पुढे काय झालं मला माहीत नाही, मी विचारलं नाही, आणि विचारलं नाही हेच जास्त लागतं. कंपनीचं एकच क्रियापद होतं, रोखून धरणं, आणि मी ते चांगलं शिकले होते.

मग मी तिथून निघून सरकारी हॉस्पिटलच्या प्रशासनात आले, आणि नव्याने धर्म बदललेल्या माणसासारखी कट्टर झाले. इथे कुणी कुणाकडे पैसे मागत नाही! पहिली दोन वर्षं मी भारावलेलीच होते. मग सीटी स्कॅनचं मशीन बंद पडलं. दुरुस्तीला टेंडर, टेंडरला तीन कोटेशन, तिसरं कोटेशन येईना. मशीनवर हिरवं कापड घातलं होतं, काही दिवसांनी त्या कापडावर फायली ठेवायला लागले, मग कुणीतरी तिथे डबा ठेवायला लागलं. सात महिने. बाहेर एक आजोबा दर मंगळवारी यायचे, चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून आणायचे म्हणजे भिजू नये, खिडकीवर उलगडायचे, "आज चालू आहे का?", नाही म्हटलं की परत तशीच घडी घालायचे. घडीवर कागद फाटला तेव्हा माझ्याकडे चिकटपट्टी मागितली होती त्यांनी.

मीटिंगमध्ये प्रस्ताव आला की मशीन दुरुस्त होईपर्यंत शेजारच्या खाजगी सेंटरमध्ये पेशंट पाठवू, बिल आपण भरू. मी उभी राहून विरोध केला. जोरदार बोलले. खाजगीकरणाची पहिली पायरी वगैरे. टाळ्या मिळाल्या, प्रस्ताव पडला.

हे बघ, माझ्याकडेही कारण होतं. त्या सेंटरवाल्याचं आणि वरच्या एका साहेबांचं साटंलोटं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, एकदा बाहेर पाठवायला लागलो की आमचं मशीन कधीच दुरुस्त झालं नसतं, असं होताना मी आधी पाहिलं होतं, आणि आजही मला वाटतं तो धोका खरा होता. मी अगदीच मूर्ख नव्हते. पण मी क्रियापद चुकवलं. मला करार तपासायला सांगता आलं असतं, मुदत घाला म्हणता आलं असतं, दर बांधून घ्या म्हणता आलं असतं, म्हणजे वेसण घालण्याची कामं. मी त्याऐवजी 'सरकारी' या विशेषणासाठी भांडले. आजोबा मंगळवारी आले आणि मी त्यांना सांगितलं अजून बंदच आहे. नंतर एका मंगळवारी ते आले नाहीत.

म्हणून तुझ्या ग्रुपचं 'सगळं ताब्यात घ्या' ऐकलं की मला चिडायला होतं, ते चुकीचे आहेत म्हणून कमी, ते माझ्यासारखे बोलतात म्हणून जास्त. चालवणं हे अवघड क्रियापद आहे बाई. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या एनएचएस हॉस्पिटलात २००५ ते २००९ च्या सुमारास पेशंटना पाणी मिळत नव्हतं, घाण झालेल्या चादरींवर पडून राहावं लागत होतं, आणि व्यवस्थापनाचं लक्ष होतं हिशोब जुळवण्यावर आणि टार्गेट गाठण्यावर. २००९ पासून हे उघड होत गेलं आणि २०१३ मध्ये सार्वजनिक चौकशीचा अहवाल आला. तिथे नफा खाणारा मालक नव्हता. तपासणारा चालवणाऱ्याच्याच शब्दावर विसंबला की हे होतं, सरकारी असो की खाजगी. वेसण दुसऱ्याच्या हातात हवी.

आणि 'सरकारने लांब राहावं' वाल्यांनी वेसणीला नावं ठेवली तर थॅलिडोमाईड आठवायला सांग, गरोदर बायकांना दिलं गेलेलं ते औषध. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या सरकारी डॉक्टर बाईने १९६० पासून कंपनीकडे पुन्हापुन्हा पुरावे मागितले आणि मंजुरी अडवून धरली, तोवर इतर देशांत हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. तिने पण क्वेरीच टाकली होती. मीही टाकली होती. क्रियापद एकच, रोखणं, पण कुणाला रोखलं आणि कशासाठी... बघ, माझंच तत्त्व माझ्यावर उलटतंय. तुझ्या आधीच्या बॅचमधला एक मुलगा मला तोंडावर म्हणाला होता, मॅडम, तुम्ही क्रियापदाच्या आड लपता, शेवटी कर कुणी किती भरायचा यावर बाजू घ्यावीच लागते. मी त्याला गप्प केलं. त्याला अजून फोन केलेला नाही.

तो बरोबर होता, काही अंशी. क्रियापदं सुटी केली म्हणून भांडण मिटत नाही. जिथे पैशाने वाटप होत नाही तिथे रांगेने होतं, कॅनडात गुडघा बदलायला महिनोन्‌महिने थांबणारे लोक आहेत, आणि कुठली वाट कमी वाईट यावर शहाणी माणसंही भांडणार. भांडू देत. पण मग निदान खऱ्या गोष्टीवर भांडतील. तुला दोन्ही बाजूंचं पटतंय कारण एक बाजू तुला भरण्याबद्दल सांगतेय आणि दुसरी चालवण्याबद्दल, आणि दोन्ही बऱ्यापैकी खरं आहे.

आता काम. पुढच्या चर्चेसाठी जे टिपण करशील ते गुरुवारपर्यंत मला पाठव. 'हस्तक्षेप' हा शब्द एकदाही चालणार नाही. प्रत्येक ठिकाणी सरकार काय करणार ते लिही, आणि ते केलं नाही किंवा चुकीचं केलं तर खिडकीवर कोण उभं राहील तेही लिही. बाबांना वाचून दाखव, चिडतील, चिडले की कुठल्या वाक्यावर चिडले तिथे खूण कर, ते मला पाहायचंय. आणि रात्री साडेअकराला मेसेज टाकत जाऊ नकोस, माझी झोप आधीच कमी आहे.

तुझी,
मॅडम

ता.क. त्या मुलाचा नंबर तुझ्याकडे असेल तर पाठव.